डोंगराकडे पाठ

अल ऐनच्या जेबेल हफीत डोंगराच्या पायथ्याशी मास्टर घडीची खुर्ची टाकून चित्र काढायला बसले होते. डोक्यावर रुंद काठाची टोपी, त्या उन्हातही अंगात राखाडी ब्लेझर, समोर स्टँडवर ताणलेला कॅनव्हास. सगळं यथासांग होतं, फक्त डोंगर त्यांच्या पाठीमागे होता. समोर होतं पार्किंग, पार्किंगमध्ये आमच्या कंपनीची पांढरी गाडी आणि गाडीत एसी लावून बसलेला मी.

मला आधी वाटलं, वय झालंय, दिशेचा घोटाळा झाला असेल. मी खाली उतरलो आणि अदबीने म्हणालो, "मास्टर, माउंटन पीछे है."

"मालूम है, बॉस," ते म्हणाले. "मैंने देख लिया."

"तो देख के बनाओ ना."

"देख-देख के बनाएगा तो फोटो बनेगा. फोटो के लिए तुम्हारे पास फोन है."

थोड्या वेळाने एक गार्ड आला. त्याने कॅनव्हासवरचा डोंगर पाहिला, मग मास्टर ज्या दिशेला तोंड करून बसले होते तिकडे पाहिलं. तिकडे आमची गाडी. त्याने पुन्हा कॅनव्हास पाहिला, पुन्हा गाडी पाहिली. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "भाईसाब, इनके साथ घर का कोई है क्या?"

"मैं हूँ," मी म्हणालो. वेळ मारून नेण्यासाठी बोलून गेलो खरा, पण पुढे ते खरंच होऊन बसलं.

आमची कंपनी दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका टॉवरात बसते आणि हॉटेलांची आतली सजावट करते. पडदे, गालिचे, दिवे, आणि बजेटमध्ये काही उरलंच तर सगळ्यात शेवटी चित्रं. याला आमच्या भाषेत आर्ट पॅकेज म्हणतात. चित्रं फरशीसारखी स्क्वेअर मीटरच्या भावाने जातात. हे खातं मास्टरांचं. खरं तर ते खातं म्हणजेच मास्टर. ते तैवानचे. तिकडे त्यांचं नाव होतं, प्रदर्शनं झाली होती, त्यांच्या निसर्गचित्रांवर तैपेईत छापलेला एक जाडजूड कॅटलॉग होता. इकडच्या एका हॉटेलने त्यांना मोठ्या मानाने बोलावून घेतलं. ते हॉटेल पायाच्या वर कधी आलंच नाही, आणि मास्टर मागे राहिले. इकडे अशी मागे राहिलेली माणसं पुष्कळ. आमच्याकडे त्यांच्या व्हिसावर हुद्दा होता 'कर्टन सुपरवायझर'. यात नवल काहीच नाही. आमचा अकाउंटंट व्हिसावर सुतार आहे.

आमचे साहेब मूळचे कोल्हापूरचे. त्यांच्या हिशेबी जपानपासून फिलिपीन्सपर्यंत सगळे चिनीच, आणि चिनी म्हटला की त्याला फेंगशुई येणारच. मास्टर रुजू झाले त्याच आठवड्यात साहेब त्यांना आपल्या व्हिलावर घेऊन गेले आणि म्हणाले, "मास्टर, जरा देखो, घर में एनर्जी किधर अटकती है."

मास्टरांनी शांतपणे विचारलं, "बॉस, तुम इंडियन है?"

"हां."

"योगा करता है?"

साहेबांनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं आणि विषय बदलला. त्यानंतर फेंगशुईचं नाव निघालं नाही. वास्तुशास्त्राचं मात्र निघत राहिलं, कारण ते साहेबांना स्वतःलाच येत होतं.

मास्टरांचं दुःख एकच होतं आणि ते त्यांनी कोणापासून लपवलं नव्हतं. हॉटेलच्या खोलीत चित्र लागतं ते पलंगाच्या वर, उशाशी. पाहुणा येतो, चित्राकडे पाठ करून झोपतो, सकाळी उठून जातो. लॉबीत लागतं ते सोफ्याच्या वर. पाहुणा येतो, चित्राकडे पाठ करून बसतो, फोन बघतो. "पूरा गल्फ में मेरा माउंटन है," मास्टर म्हणत, "सब आदमी के सिर के पीछे." त्यांना आयुष्यात एक भिंत हवी होती. समोरची. जिच्यापुढे पलंग नाही, सोफा नाही, आणि आत येणारा माणूस जिच्याकडे तोंड करूनच येईल अशी. मी म्हणालो, मास्टर, तुम्ही स्वतः डोंगराकडे पाठ करून बसता, मग लोक तुमच्या डोंगराकडे पाठ करून झोपले तर बिघडलं कुठे? यावर ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

न बोलणं अवघड होतं, कारण आम्ही शारजात एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो आणि रोज सकाळी एकाच गाडीतून दुबईला जायचो. शारजा-दुबई रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये माणूस एक तर मित्र होतो नाही तर शत्रू. मास्टर मागच्या सीटवर बसत, तेही उलटे वळून, मागच्या काचेतून बाहेर बघत. शेजारच्या गाड्यांमधले लोक आमच्याकडे बघून हसत. "आगे सिर्फ ब्रेक लाइट है, बॉस," ते म्हणत. "पीछे सनराइज है." आरशात मला त्यांच्या पाठीचा ब्लेझर आणि त्यापलीकडे शारजाच्या इमारतींमधून वर येणारा तांबडा गोळा दिसायचा. सांगायला हरकत नाही, त्यांच्यामुळेच मला कळलं की आपण रोज सूर्योदयाकडे पाठ करून ऑफिसला जातो.

त्याच ट्रॅफिकमध्ये त्यांनी आपली गोष्ट सांगितली. त्यांच्या लहानपणी तिकडे लष्करी अंमल होता. गावामागे एक डोंगर, डोंगरावर सैन्याचं ठाणं, म्हणून डोंगराचं चित्र काढायला बंदी. फोटो काढायलाही बंदी. हा मुलगा शाळेत जाता-येता डोंगर डोळे भरून बघायचा आणि घरी आला की भिंतीकडे तोंड करून काढायचा. पुढे आर्ट कॉलेजात गेले तर तिथे उलटी तऱ्हा. डोंगर काढा, पण त्यात देशाची प्रगती दिसू द्या. पूल दाखवा, कारखाना दाखवा, संचलन करणारे सैनिक दाखवा. तिथल्या एका शिक्षकांनी त्यांना एक युक्ती शिकवली. साहेबाला हवं ते सगळं काढायचं, मन लावून काढायचं, चोरटेपणा करायचा नाही. आणि मग वरून धुकं सोडायचं.

"फिर?" मी आरशात बघून विचारलं.

"फिर मेरे को फर्स्ट प्राइज मिला. जज लोग को शरम आया पूछने का, सोल्जर किधर है."

तेव्हापासून धुकं त्यांना चिकटलं ते कायमचं. तैपेईच्या कॅटलॉगमध्ये त्या धुक्यावर एका विद्वानाने पानंच्या पानं लिहिली आहेत. शून्य, मौन, रिकामेपणाचं तत्त्वज्ञान, प्राचीन परंपरेशी संवाद, असं बरंच काही. मी एकदा त्यातलं एक गाजलेलं चित्र दाखवून विचारलं, मास्टर, या रिकामेपणात काय आहे? ते म्हणाले, "उसके नीचे सिमेंट फॅक्टरी है, बॉस."

हे धुकं ते कशाने रंगवत तेही मला ठाऊक होतं. खालचं सगळं चित्र उत्तम, महागड्या तैलरंगांत. धुक्यासाठी मात्र आमच्या बिल्डिंगखालच्या स्टेशनरीच्या दुकानातून पांढऱ्या पोस्टर कलरच्या बाटल्या. माझी मुलगी सातवीत होती. तिने एकदा त्यांना तिथे पकडलं. "अंकल, दॅट्स फॉर स्कूल किड्स!"

"यस," मास्टर म्हणाले. "फॉग चीप होना चाहिए. एक्स्पेन्सिव्ह फॉग बैठ जाता है. फिर उठता नहीं."

आम्ही हसलो. म्हाताऱ्यांची बचत कुठून सुरू होईल सांगता येत नाही, असं मी बायकोला म्हणालो.

त्यांना आमच्या मराठी मंडळात मीच नेलं. गणपतीत मुलांची चित्रकला स्पर्धा होती आणि परीक्षक ऐनवेळी आजारी पडले होते. विषय होता 'माझं गाव'. मुलं सगळी शारजा-दुबईत जन्मलेली. गाव म्हणजे सुट्टीत पुणे विमानतळावरून आजीच्या सोसायटीत जाणं एवढीच त्यांची ओळख. पण कागद पुढे येताच प्रत्येकाने तेच काढलं जे आपण सगळ्यांनी काढलंय. दोन त्रिकोणी डोंगर. मधोमध सूर्य, त्याला किरणांच्या काड्या. डोंगरातून निघून खाली रुंद होत गेलेली नदी. एक झोपडी, एक कललेलं नारळाचं झाड, आणि आकाशात बरोबरच्या खुणेसारखे पक्षी.

मास्टर एकेक चित्र हातात घेत होते आणि त्यांचा चेहरा बदलत होता. शेवटी त्यांनी मला कोपऱ्यात ओढलं. "बॉस, ये जगह किधर है?"

"कौनसी जगह?"

"ये माउंटन. इतना बच्चा लोग, सब ने सेम माउंटन देखा. महाराष्ट्र में किधर है? मेरे को जाना है."

मी हसू दाबत म्हणालो की अशी जागा कुठेच नाही. मुलांनी पाहिलेली नाही, त्यांच्या आईबापांनीही पाहिलेली नाही. ते ऐकून मास्टर जे खूश झाले ते मी आजही विसरलेलो नाही. पाठ करून काढलेला डोंगर, आणि तोही न पाहिलेला, आणि तरी प्रत्येकाच्या हातून तंतोतंत तोच! त्यांनी स्टेजवर जाऊन सगळ्यांना पहिला नंबर जाहीर केला. मंडळाकडे करंडक एकच होता. कार्याध्यक्षांनी माझ्याकडे जे पाहिलं, त्यानंतर मला मंडळाच्या कुठल्याच कमिटीवर घेतलं गेलं नाही. हे माझ्यावर मास्टरांचे उपकारच.

त्या दिवशी ते आमच्याकडे जेवायला होते. बायकोने संधी साधली. हॉलमध्ये सोफ्याच्या वर एक सिनरी असावी असं तिच्या फार दिवस मनात होतं, आणि घरचा चित्रकार असताना दुकानातली का घ्यायची? मास्टर साबुदाणावडा खात होते. बायकोने हवेत हात फिरवून सांगायला सुरुवात केली. "मास्टरजी, दो डोंगर, बीच में सूरज. एक नदी. छोटी झोपडी, नारियल का झाड. और ऊपर पक्षी. बस, और कुछ नहीं चाहिए."

"मॉम, दॅट्स सो एम्बॅरसिंग," मुलगी म्हणाली. "ही इज अ रिअल आर्टिस्ट."

पण रिअल आर्टिस्ट वडा खाली ठेवून ऐकत होते. "सूरज बिलकुल बीच में?"

"बिलकुल."

"नदी किधर से? लेफ्ट माउंटन, राइट माउंटन?"

"बीच में से. सूरज के नीचे से."

"ओके, बॉस," मास्टर म्हणाले आणि वडा पुन्हा उचलला.

मग अल ऐनचं हॉटेल आलं. आणि हॉटेलबरोबर भिंत आली.

लॉबीत शिरलं की थेट समोर, उंच, कोरी, दिवाही न लावलेली. तिच्यापुढे काही ठेवायचं नाही असं आर्किटेक्टचंच म्हणणं होतं. मास्टर तिच्यापुढे बराच वेळ उभे राहिले, या वेळी तोंड करून. मग तळहात भिंतीवर टेकवून म्हणाले, "आदमी अंदर आएगा, सामने माउंटन. बिस्तर नहीं. सिर नहीं." त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. मी मनाशी ठरवलं की काही झालं तरी ही भिंत म्हाताऱ्याला मिळवून द्यायची. जेबेल हफीतचं मोठं चित्र, हा विषयही हॉटेलनेच दिला होता. तो डोंगर मास्टरांनी त्या पार्किंगमध्ये फार आधीच एकदा काढून पाहिला होता.

मग कॉमेंट्स यायला लागल्या. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक कधी नाही म्हणत नाही, कॉमेंट्स देतं. पहिली मार्केटिंगकडून: चित्रात बहिरी ससाणा हवा, कारण ससाणा म्हणजे इथली संस्कृती. मास्टर म्हणाले, "ओके, बॉस." पंखामागून पंख रंगवत असा ससाणा काढला की मला वाटलं आता माझ्या खांद्यावर बसतो. मी फोटो पाठवला, तो मंजूर झाला. मग ब्रँड कन्सल्टंट म्हणाली, उंट हवेत. आले. मग पुन्हा ई-मेल: उंट उदास वाटतात, त्यांना प्रसन्न करावं. मास्टरांनी उंटांना प्रसन्न केलं. प्रसन्न उंट कसा दिसतो हे जगात फार कमी लोकांनी पाहिलं असेल. मी त्यातला एक. मग हॉटेलच्या चेअरमनच्या भाच्याने सुचवलं की पायथ्याशी खुद्द हॉटेल हवं, सगळ्या खिडक्यांत दिवे लागलेलं. तेही झालं. मास्टर हे सगळं आमच्या कंपनीच्या गोडाउनमध्ये रंगवत होते. शेवटी आमचे साहेब स्वतः तिथे आले, चित्र पाहून म्हणाले, "वास्तूप्रमाणे डोंगर नैर्ऋत्येला पाहिजे. जरा डावीकडे सरकवता येईल का?" मास्टरांनी डोंगरही सरकवला.

मला आतल्या आत चीड येत होती. एवढा मोठा चित्रकार, आणि होयबा! मी एकदा म्हणालोही, "मास्टर, कभी तो ना बोलो."

"क्यों? अच्छा फाल्कन है," ते म्हणाले. "झूठ नहीं बनाया."

सगळ्या सह्या झाल्यावर मास्टरांनी गोडाउनचं दार आतून लावून घेतलं. दार उघडलं तेव्हा मी कॅनव्हासच्या अगदी जवळ जाऊन पाहिलं. ससाणा नव्हता. उंट नव्हते. हॉटेल नव्हतं. खालपासून वरपर्यंत धुकं, आणि धुक्याच्या वर डोंगराची एक काळसर कड.

"मास्टर, फाल्कन?"

"है."

"किधर है?"

"फॉग के पीछे. विंटर मॉर्निंग है, बॉस. उस दिन तुम ही अल ऐन रोड पे फॉग में लेट हुआ था."

मी ओरडणार होतो. पण तेवढ्यात पुन्हा चित्राकडे नजर गेली आणि ओरडायचं राहून गेलं. त्या सकाळी मी खरंच अल ऐनच्या रस्त्यावर अडकलो होतो. धोक्याचे दिवे लावून, खिडकी खाली करून, पुढचं काही दिसत नसताना. आणि एकदम वर, जिथे आकाश असेल असं वाटत होतं तिथे, डोंगराची कड दिसली होती. मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं, त्यात सांगण्यासारखं काय असतं? ते चित्र मला फार आवडलं. ऑफिसात कोणाला ते बोलून दाखवता आलं नाही, एवढंच.

उद्घाटनाच्या दिवशी चेअरमन चित्रापुढे येऊन थांबले. मागे पंधरावीस माणसं थांबली. मास्टर चित्राकडे पाठ करून उभे, सगळ्यांचे चेहरे बघत. ससाणा मंजूर करणारी मार्केटिंगवाली माझ्याकडे बघत होती, मी छताकडे. शेवटी ब्रँड कन्सल्टंटने घसा साफ केला आणि हे शून्याचं सौंदर्य आहे, असं काहीसं इंग्रजीत म्हणाली. तिने कॅटलॉग वाचलेला दिसत होता. चेअरमन म्हणाले, "माशाल्ला." मग सगळे माशाल्ला म्हणाले आणि जेवायला गेले.

मास्टरांच्या आयुष्यातले ते चार महिने सोन्याचे होते. सुट्टीच्या दिवशी ते मला अल ऐनला गाडी काढायला लावत. लॉबीत एक खुर्ची घेऊन चित्राकडे पाठ करून बसत आणि दारातून आत येणारी माणसं बघत. आत येणारं माणूस दोन पावलं टाकायचं आणि थबकायचं. बॅगा ओढणारी बाई थांबायची, भांडणारं जोडपं गप्प व्हायचं. "देखा?" मास्टर मला कोपराने ढोसत. "देखा?"

पुढे चेअरमनचे कोणी पाहुणे आले आणि त्यांनी निष्पापपणे विचारलं, की या चित्रात तुमचं हॉटेल कुठे आहे? झालं. जुने ई-मेल निघाले, मंजूर फोटो निघाले, प्रसन्न उंट निघाले. आठवड्याभरात चित्र उतरलं आणि भिंतीवर भलामोठा एलईडी स्क्रीन बसला. त्यावर ड्रोनने घेतलेला जेबेल हफीत. मिनिटामिनिटाला तोच ससाणा डावीकडून उजवीकडे जातो. चित्र आमच्या शारजाच्या गोडाउनला परत आलं आणि तिथे भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं. मास्टर बघायला आले. चिडले नाहीत. "टीव्ही जीत गया, बॉस," म्हणाले. "खलास."

त्यानंतर ते थकल्यासारखेच झाले. व्हिसाची मुदत संपत आली होती, तैवानहून मुलगी बोलावत होती, आणि साहेबांनाही आता आर्ट पॅकेज प्रिंटरवर छापून स्वस्तात मिळत होतं. निघायच्या आदल्या दिवशी मास्टर आमच्याकडे आले, काखेत कागदात गुंडाळलेलं चित्र. बायको हात पुसत धावली. कागद काढला. धुकं. वर दोन शिखरांच्या पुसट रेषा, बाकी सगळं पांढरं.

"थँक यू, मास्टरजी," बायको म्हणाली. मला तिचा तो आवाज माहीत आहे.

मास्टर हॉलभर फिरले आणि टीव्हीच्या भिंतीपाशी थांबले. "इधर."

"और टीव्ही?" बायकोने विचारलं.

ते थोडं हसले. "ओके, बॉस." चित्र सोफ्याच्या वर लागलं, आमच्या डोक्यांमागे. ते गेल्यावर बायको म्हणाली, "एवढं हातवारे करून सांगितलं. दोन डोंगर, नदी, झोपडी. शेवटी कोराच कागद दिला की हो!" मला तिचा राग आला आणि मास्टरांचाही आला.

त्या वर्षी दिवाळीला साताऱ्याहून आई आली, व्हिजिट व्हिसावर. एसी लावलेल्या आमच्या बंद फ्लॅटमध्ये जाळी-जळमटं कुठून असणार? पण दिवाळी आली म्हणजे घर झाडायलाच हवं. बायको स्वयंपाकघरात चकल्या तळत होती, मी आतल्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर. आई ओलं फडकं घेऊन सोफ्यावर चढली.

बायकोची किंचाळी ऐकून मी कॉल तसाच टाकून बाहेर आलो. आई शांतपणे फडकं पिळत होती. "किंचाळतेस काय गं? बुरशी धरली होती त्याला. डाग होते, काढले."

चित्राच्या मधोमध सूर्य उगवला होता.

बायकोने झारा खाली ठेवला, फडकं आपल्या हातात घेतलं आणि हलकेच पुढे पुसायला लागली. डावीकडचा डोंगर आला. उजवीकडचा आला. बरोब्बर सूर्याखालून नदी निघाली आणि रुंद होत खाली आली. कललेलं नारळाचं झाड आलं. पक्षी आले, बरोबरच्या खुणेसारखे. तिने जे जे हवेत काढून दाखवलं होतं, ते ते सगळं. आणि त्यात थट्टा नव्हती. डोंगरांवर खरं ऊन होतं, पाण्याला खरा ओलावा होता, झोपडीच्या कुडाची काडी न् काडी होती. आपण सगळ्यांनी शाळेत जी जागा काढली आणि कोणी कधी पाहिली नाही, तिथे हा माणूस जाऊन आला होता. माझे डोळे भरून आले, ते लपवायचं कारण नाही.

"ओ माय गॉड," मुलगी म्हणाली. "इट्स द कॉम्पिटिशन माउंटन!"

बायकोने खालचा एक कोपरा तसाच ठेवला. "राहू दे एवढं धुकं," ती म्हणाली, "त्यांची आठवण." मग मला म्हणाली, "तो टीव्ही बेडरूममध्ये घ्या."

चित्र टीव्हीच्या भिंतीवर गेलं. आई सोफ्यावर त्याच्यासमोर बसून पोथी वाचायला लागली, वाचता वाचता वर बघायला लागली.

पाडव्याच्या सकाळी मी मास्टरांना व्हिडिओ कॉल लावला. तोच ब्लेझर, मागे कुठल्या तरी घराची खिडकी. मी एका दमात सगळं सांगितलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"मास्टर," मी म्हणालो, "वो बड़ा वाला गोडाउन में है. एक गीला स्पंज मारेगा, तो फाल्कन, हॉटेल, सब निकल आएगा. मैं हॉटेल को बताऊँ? दीवार आपकी वापस."

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"नहीं, बॉस. उनको जल्दी है," ते म्हणाले. "रहने दो. तुम्हारा वाला किधर है अभी? अम्मा के पीछे?"

"अम्मा के सामने. टीव्ही को निकाल दिया."

"टीव्ही को निकाल दिया?" त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मग मी फोन चित्राकडे वळवणार, तोच ते घाईने म्हणाले, "रुको, रुको." त्यांनी आपली खुर्ची फिरवली आणि स्क्रीनकडे पाठ करून बसले. "अभी अम्मा को बोलो. क्या दिखता है, अम्मा बोलेगा."

आईला हिंदी येत नाही, मास्टरांना मराठी नाही. मी आईला म्हणालो, "तुला काय दिसतं ते त्यांना सांग." तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. ती फोनवरच्या त्या ब्लेझरच्या पाठीला मोठ्या आवाजात सांगायला लागली. "दोन डोंगर आहेत हो. मधून सूर्य आलाय. नदीला पाणी भरपूर आहे. झोपडी चांगली शाकारलेली आहे." प्रत्येक वाक्याला राखाडी पाठ मान डोलवत होती.

"आणि इथे अजून एक डाग राहिलाय बघ," आई मला म्हणाली. कोणी काही म्हणायच्या आत तिने पदराचं टोक जिभेला लावून ओलं केलं आणि झोपडीशेजारचा तो शेवटचा पांढरा कोपरा पुसून काढला. चष्मा वर करून जवळून पाहिलं.

"अगंबाई! इथे तर कोणीतरी खुर्ची टाकून बसलंय. टोपी घालून. एवढे सुंदर डोंगर, आणि मेल्याने त्यांच्याकडे पाठ केलीय." ती आणखी वाकली. "आपल्याकडे बघतोय रे."

हे आम्ही कोणी सांगितलं नव्हतं. सूर्य सांगितला होता, नदी सांगितली होती, पक्षीसुद्धा सांगितले होते. मी मास्टरांना हिंदीत करून सांगणार होतो, पण फोनमध्ये त्यांची खुर्ची हळूहळू आमच्याकडे वळायला लागली होती.